सुरकुतीची साक्ष

कागदाला एकदा पाणी लागले की तो पूर्वीसारखा होत नाही, असे आपण सहज बोलून जातो. हे अर्धेच खरे आहे. वाकलेला, फुगलेला, लाटा आलेला कागद बऱ्याच अंशी सरळ करता येतो, तोही घरच्या घरी आणि फारसा खर्च न करता. अडचण पुढे सुरू होते. सरळ केलेल्या कागदाविषयी आपण दुसऱ्याला काय सांगायचे? सुरकुती काढली म्हणजे फक्त एक दोष काढला, की एक साक्षही पुसली? जुनी कॉमिक्स, मासिके, लग्नपत्रिका, निकाहनामे, शाळेचे दाखले अशा वस्तू जपणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या या प्रश्नाशी थांबावे लागते. वस्तू किरकोळ आहेत, पण प्रश्न सचोटीचा आहे.

आधी कागदाचा स्वभाव समजून घेऊ. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंचा दाबलेला थर. हे तंतू हवेतला ओलावा पितात आणि हवा कोरडी झाली की सोडतात. ओलावा प्यायलेला तंतू जाडीला फुगतो, लांबीला फारसा वाढत नाही. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात. म्हणून असा कागद एका बाजूने जास्त फुगतो, दुसऱ्या बाजूने कमी. त्यात एक कोपरा भिजला आणि बाकीचा भाग कोरडा राहिला तर दोन्ही भाग एकमेकांना ओढू लागतात. या ओढाताणीतूनच लाटा आणि चुण्या तयार होतात. कॉमिक्सचे दुखणे आणखी अवघड. त्याचे मुखपृष्ठ बहुधा गुळगुळीत लेपाच्या कागदाचे असते आणि आतली पाने वर्तमानपत्री कागदाची. दोन वेगळ्या स्वभावांचे कागद एकाच पिनेने टाचलेले. ओलावा लागला की दोघे वेगवेगळे वागतात, आणि पीन गंजून दोघांनाही डाग देते.

आपल्या पिढीतल्या अनेकांच्या पेटीत अशी कॉमिक्स असतील. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ते १९९० मध्ये बंद पडले. वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठीतही घरोघरी गेले. १९७६ मध्ये त्यात ‘बहादूर’ आला. चंबळच्या डाकूंशी लढणारा हा नायक आबिद सुरती यांनी निर्माण केला. मुस्लिम मोहल्ल्यांतल्या मुलांनीही तो शेजारच्या मुलांइतक्याच आवडीने वाचला. तो कोणाच्या लेखणीतून उतरला, हे विचारायची गरज कोणाला पडली नाही. काही आण्यांच्या, रुपयांच्या या पुस्तिका तेव्हा वाचून रद्दीत जात. ज्या उरल्या त्यांना आता गिऱ्हाईक आहे. माळ्यावर पावसाळे काढलेली, वाकलेली प्रत हातात आली की पहिली इच्छा होते ती सरळ करण्याची.

याच आबिद सुरतींनी २००७ मध्ये मीरा रोड परिसरात आणखी एक काम सुरू केले. दर रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन घरोघरी जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. कागद जपणाऱ्याने या कामाकडून पहिला धडा घ्यावा. गळती आधी शोधावी, कागद नंतर सरळ करावा. भिंत ओल धरत असेल, पेटी जमिनीला टेकलेली असेल, तर आज सरळ केलेला कागद पुढच्या श्रावणात पुन्हा वाकणार. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला आमंत्रणच. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर ती याच्याही पुढे असते. म्हणून कागद भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर आणि हवा खेळेल अशा जागी ठेवणे, ही अर्धी दुरुस्ती झाली.

उरलेल्या अर्ध्या दुरुस्तीची रीत अशी. कागद बुरशीचा असेल तर आधी सावलीत पूर्ण वाळवावा आणि मऊ ब्रशने घराबाहेर झटकावा. मग शाईची परीक्षा घ्यावी. ओल्या कापसाचे टोक एखाद्या अक्षराच्या कडेला हलकेच टेकवावे. रंग कापसावर आला तर पुढे जाऊ नये. छापील शाई बहुधा टिकते; दौतीची शाई आणि रबरी शिक्क्याची शाई पसरते. परीक्षेत उतरलेला कागद थेट ओला करायचा नाही, त्याला नुसती दमट हवा द्यायची. झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात तळाशी ओले फडके ठेवावे, त्यावर जाळी ठेवून कागद जाळीवर पसरावा. झाकणाला आलेले थेंब कागदावर पडू देऊ नयेत. दोन-चार तासांत तंतू सैल होतात, कागद हाताला मऊ लागतो. मग तो दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि फळीवर वजन ठेवावे. स्वयंपाकघरातला पाटाही चालतो. टीपकागद पहिल्या दिवशी दोनतीनदा बदलावेत आणि पुढे आठवडाभर घाई करू नये. गुळगुळीत लेपाची पाने ओलसर असताना एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत. त्यांच्यामध्ये न चिकटणारा, बेकरीत वापरतात तसा कागद घालावा. कपड्यांची इस्त्री मात्र कागदावर फिरवू नये. ती कागद सरळ करते खरी, पण त्याच वेळी त्याला कोरडा आणि ठिसूळ करते. वर्तमानपत्री कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते. उजेड आणि उष्णता यांनी तो आधीच पिवळा पडत असतो. त्याचे वय आपण इस्त्रीने वाढवतो.

फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावण्याचा मोहही आवरावा. तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. त्यापेक्षा गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ, लांब तंतूंचा कागद बरा. खळ पुन्हा ओलावली की सुटते. आज आपण केलेली दुरुस्ती उद्या आपल्यापेक्षा जाणत्या माणसाला उलटवता आली पाहिजे, हे कागदजतनाचे मोठे तत्त्व आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुरात इटलीतल्या फ्लॉरेन्सचे राष्ट्रीय ग्रंथालय चिखलात बुडाले. जगभरातून आलेल्या तरुणांनी हजारो ग्रंथ हातोहात बाहेर काढले. त्यानंतरच्या कामातून जतनाच्या क्षेत्रात एक नम्रता आली. जुन्याला नवे करून दाखवण्यापेक्षा कमीत कमी हात लावावा, जे केले ते लिहून ठेवावे आणि परतीची वाट मोकळी ठेवावी.

कागद सरळ करण्याची कला आपल्याला परकी नाही. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळापासून तिथे कागदी घराणी कागद बनवत आली, अशी परंपरा सांगतात. जुन्नरलाही कागद बनत असे. पुण्यातल्या कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव आजही आहे. हे कारागीर बहुतांशी मुसलमान होते आणि त्यांच्या कागदावर मराठी राज्याचा कारभार लिहिला गेला. चिंध्या, ताग यांचा लगदा, जाळीवर धरलेला ताव, वाळवल्यावर त्याला दिलेली खळ, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने केलेला घोटा. म्हणजे कागदाचा सपाटपणा जन्मतःच माणसाच्या हाताने आलेला आहे. लांब तंतूंचा तो कागद इतका टिकाऊ की दोनशे वर्षांपूर्वीची सनद अजून घडी सोसते, आणि चाळीस वर्षांपूर्वीचे कॉमिक्स बोट लागताच तुटते.

तेव्हा सरळ करण्यात मुळात काही गैर नाही. गैर असेल तर ते पुढे येते, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. हा वाद अमेरिकेत सर्वांत तीव्रतेने झाला, कारण तिथे कॉमिक्सला अफाट किंमत आली. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा १९३८ मधला पहिला अंक मुळात १० सेंटचा. त्याची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली. तिथे २००० मध्ये ‘सीजीसी’ ही संस्था सुरू झाली. ती प्रतीला दहापैकी गुण देते आणि बंद प्लास्टिकच्या कवचात घालून परत करते. रंग भरलेल्या, तुकडा जोडलेल्या प्रतीला ती ‘दुरुस्त केलेली’ म्हणून वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावते आणि मग तिची किंमत घसरते. पण दमट हवा, उष्णता आणि दाब देऊन चुण्या काढणे, ज्याला तिथे ‘प्रेसिंग’ म्हणतात, ते या संस्थेच्या व्याख्येत दुरुस्तीत मोडत नाही. साहजिकच लोक प्रती दाबून घेऊ लागले. अर्धा गुण वाढला तरी महागड्या प्रतीची किंमत कितीतरी वाढते. संग्राहकांत दोन तट पडले. एक म्हणतो: कागदात काही घातले नाही, त्यातून काही काढले नाही, होते तेच सरळ केले, यात लपवण्यासारखे काय? दुसरा म्हणतो: मी किंमत मोजतो ती या प्रतीला कोणी हात लावला नाही म्हणून; हात लावला असेल तर मला सांगा.

हा वाद ऐकताना आपल्याला आपल्या परंपरेतले दोन प्रसंग आठवले पाहिजेत. पहिला सर्वपरिचित आहे. हजरत अबू हुरैरा यांनी कथन केलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते. विक्रेता सांगतो की पावसाने भिजले. प्रेषित त्याला विचारतात की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. आणि फसवणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावतात. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पाऊस हा विक्रेत्याचा गुन्हा ठरला नाही. धान्य भिजणे, कागद भिजणे हे कोणाच्याही वाट्याला येते. ओले विकू नकोस, असेही त्याला सांगितलेले नाही. आक्षेप फक्त रचनेला आहे, कोरडे वर आणि ओले खाली.

पण दाबून सरळ केलेल्या कॉमिक्सचा मालक म्हणेल, माझ्या ढिगात आता खाली ओले काही उरलेच नाही. मी ते वाळवले. त्याच्यासाठी दुसरा प्रसंग. जनावर विकण्याआधी काही दिवस दूध न काढता त्याची कास तटतटून ठेवायची आणि गिऱ्हाइकाला ते दुभते वाटू द्यायचे, या युक्तीला हदीसमध्ये मनाई आहे. असे जनावर घेतलेल्याला तीन दिवसांत ते ठेवण्याचा किंवा एक सा’ खजुरासह परत करण्याचा अधिकार दिला आहे. या अधिकाराच्या अंमलाबद्दल फिकहच्या पंडितांत मतभेद आहेत. कोकणातले आपले शाफई बांधव ज्या मजहबचे, तो हदीसचा शब्द तसाच लावतो. हनफी मजहब परतीबाबत वेगळे मत देतो. मात्र ती युक्ती गैर आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. आता पाहा, इथे कोणी खोटे बोललेले नाही. दूध त्याच जनावराचे, बाहेरून काही घातलेले नाही, काही कापलेले नाही. ‘होते तेच आहे’ हा युक्तिवाद इथेही शब्दशः लागू पडतो. तरीही ही फसवणूक ठरते. पाहणाऱ्याच्या मनात जो अंदाज तयार होतो, तो चुकीचा आहे हे विक्रेत्याला माहीत असते आणि त्या चुकीचे पैसे तो घेतो.

फिकहमध्ये दोष कशाला म्हणायचे याची एक व्यवहारी कसोटी आहे: व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्या गोष्टीने किंमत कमी होते, तो दोष. असा दोष नंतर कळला तर खरेदीदाराला सौदा मोडण्याचा अधिकार असतो. त्याला ‘खियार-उल-ऐब’ म्हणतात. ही कसोटी कॉमिक्सला लावून पाहावी. ‘ही प्रत भिजली होती, मी ती सरळ केली’ हे वाक्य उच्चारल्यावर समोरचा माणूस कमी पैसे देईल काय? देणार नसेल तर सांगायला हरकत काय? आणि कमी देणार असेल, तर न सांगता घेतलेली वरची रक्कम कोणाची?

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. कसोटी जर बाजाराच्या रिवाजाचीच असेल, तर ज्या बाजारात सगळेच प्रती दाबून घेतात आणि सगळ्यांना ते ठाऊक असते, तिथे तो दोषच उरत नाही. गुरव वाजवतो म्हणून कोणी त्याला शंख वाजवल्याचा जाब विचारत नाही. हे मान्य केले पाहिजे. जाणत्याने जाणत्याशी केलेल्या व्यवहारात प्रत्येक वेळी कबुलीजबाब लागत नाही. पण रिवाज फक्त तो माहीत असलेल्यांना वाचवतो. लहानपणीचा बहादूर मुलाला द्यावा म्हणून जुन्या बाजारात आलेल्या शिक्षकाला हा रिवाज कुठून कळणार? त्याच्यासाठी एक वाक्य बोलायला दमडी लागत नाही. जे फुकट आहे ते बोलताना जीभ अडखळत असेल, तर त्या अडखळण्यातच उत्तर आहे.

घरातल्या कागदपत्रांकडे वळलो की हाच विचार अधिक कठोर होतो, कारण तिथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदवहीची अंतिम यादी निघाली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. त्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या मुस्लिम वस्त्यांतही पेट्या उघडल्या. आजोबांचा दाखला, दादीचे रेशनकार्ड, घराचा फेरफार; कोणाचा २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरात भिजलेला, कोणाचा कसरीने खाल्लेला. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यात भिजलेले कागद सावकाश उलगडायला कोणाला उसंत होती? भीतीपोटी माणसे ते घाईघाईने लॅमिनेट करून आणू लागली. ही दुरुस्ती परत फिरत नाही. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक काढताना कागद बरोबर येतो. शिक्क्याची शाई, कागदाचा पोत, पाठीमागची नोंद हे सगळे तपासणाऱ्याच्या हातापासून दूर जाते. अस्सल कागद जपण्याच्या धडपडीत त्याचे अस्सलपणच झाकले जाते. अशा कागदाला लॅमिनेशनपेक्षा साधे उघडे प्लास्टिकचे पाकीट आणि संबंधित कार्यालयातून काढलेली प्रमाणित नक्कल अधिक उपयोगाची.

मोह याहून मोठाही होतो. कागद सरळ करता करता एक फिकट अक्षर दिसते. ‘शेख’ आहे की ‘शैख’? एका दाखल्यावर नाव अब्दुल रहमान, दुसऱ्यावर अब्दुर्रहमान. वाटते, पेनाने एक रेघ गडद केली तर काय बिघडले? आपण खोटे काहीच लिहीत नाही, होते तेच ठळक करतो आहोत. पण येथे हात थांबलाच पाहिजे. चुणी काढणे म्हणजे साक्षीदाराला नीट बसवणे. अक्षर गिरवणे म्हणजे त्याच्या तोंडात शब्द घालणे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, जी कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, देण्याघेण्याचा दस्त कसा लिहावा याचे तपशील आले आहेत: लिहिणारा न्यायाने लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, त्यांना त्रास दिला जाऊ नये. ज्या उम्मतला कर्जाची चिठ्ठी लिहिण्याचीही इतकी शिस्त सांगितली गेली, तिने कागदाला अमानत मानावे. नावांतला फरक शपथपत्राने, राजपत्रातल्या नोंदीने, उघडपणे दुरुस्त होतो. त्याला वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, अपमानही सोसावा लागतो, आणि तो सोसावा लागू नये म्हणून समाजाने भांडलेही पाहिजे. मात्र गुपचूप गिरवलेले एक अक्षर सापडले की खऱ्या दहा कागदांवरचा विश्वास उडतो.

यातून आणखी एका गोष्टीकडे लक्ष जाते. माणसे कागदाप्रमाणे इतिहासालाही दाबून सरळ करतात. बाहेरचे लोक आपल्या भूतकाळातली काही पाने फाडू पाहतात, याची तक्रार आपण वाजवीपणे करतो. पण आपणही आपली पाने इस्त्री करून घेतो. घराण्याचा शजरा थेट अरबस्तानात नेऊन पोचवताना मधला विणकर, पिंजारी, कागदी पूर्वज सुरकुतीसारखा काढून टाकला जातो. दर्ग्यातल्या उरुसात मराठी अभंग आणि उर्दू कव्वाली एकाच रात्री होत असे, हे सांगायला आता काहींना संकोच वाटतो. मुस्लिम मराठी लेखकाचे काम या ठिकाणी जतन करणाऱ्यासारखे आहे. पान वाचता येईल इतके उलगडावे, डाग कशाचा आहे ते सांगावे आणि डागासकट ठेवावे.

सगळेच ठेवले पाहिजे, असाही हट्ट नको. कुरआन शरीफची जीर्ण पाने आपण रद्दीत टाकत नाही आणि ओढूनताणून चिकटवतही बसत नाही. ती अदबीने दफन केली जातात किंवा वाहत्या पाण्यात सोडली जातात. आदर म्हणजे दर वेळी टिकवणेच, असे नाही. निरोपालाही अदब असते. बुरशीने पोखरलेले, हात लावताच भुगा होणारे कॉमिक्स इतर पन्नास प्रतींना संसर्ग देत असेल तर त्याचा फोटो काढून त्याला जाऊ द्यावे.

जे ठेवायचे, त्याच्यासोबत मात्र एक साधी सवय लावून घ्यावी. प्रत सरळ करून पाकिटात घातली की एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने चार ओळी लिहाव्यात. पेन्सिल अशासाठी की तिची अक्षरे ओलाव्याने पसरत नाहीत. कधी भिजले, काय केले, कोणती खळ लावली, तारीख. चिठ्ठी त्याच पाकिटात ठेवावी. प्रत विकली तर चिठ्ठीसह विकावी, मुलांना दिली तर चिठ्ठीसह द्यावी. तेवढ्याने धान्याच्या ढिगातले ओले वर येते. घेणाऱ्याने मग हवी ती किंमत लावावी.